शुनःशेपाची कथा कोणी ऐकावी?

कुंपणच शेत खाऊ लागले म्हणजे राखण कोणी करावी, हा प्रश्न मराठी शेतकऱ्याने फार पूर्वी म्हणीत घालून ठेवला आहे. परक्याने फसविले तर मनुष्य चिडतो, सावध होतो आणि काही दिवसांनी विसरतोही. मित्राने फसविले तर मैत्री तुटते. परंतु दुसरी मैत्री जोडता येते. पित्याने आपला विश्वासघात केला असे ज्या मुलास वाटते, त्याची गोष्ट मात्र निराळी आहे. ‘पिता’ हा शब्द ‘पा’, म्हणजे रक्षण करणे, ह्या धातूशी जोडण्याची आपल्याकडे परंपरा आहे. ज्याला रक्षणकर्ता म्हणून ओळखले त्याच्याच हातून घाव झाला म्हणजे मुलाचा एका मनुष्यावरचा विश्वास उडतो, एवढेच होत नाही. ज्या मापाने तो पुढे साऱ्या जगाचा भरवसा मोजणार, ते मापच खोटे ठरते. शिवाय बाप बदलून मिळत नाही. त्याचे नाव मुलाच्या नावाला जन्मभर जोडलेले असते. त्याचा आवाज, त्याची चालण्याची ढब, क्वचित त्याचा संतापही मुलाच्या अंगी उतरलेला असतो. ज्याच्यावर रुसावयाचे तो बाहेरही असतो आणि आतही असतो.

ह्या दुःखाला आपल्या घरांत बोलावयाची जागा नसे. मराठी मुलगा पिढ्यान्‌पिढ्या वडिलांना पत्र लिहीत आला, तो ‘तीर्थरूप’ ह्या शब्दाने आरंभ करून आणि शिरसाष्टांग नमस्कार घालून. तीर्थावर कोणी रागवावे कसे? त्यामुळे पत्रात परीक्षेचा निकाल येई, पैशांची मागणी येई, प्रकृतीची विचारपूस येई. परंतु ‘आपण त्या दिवशी माझ्याशी असे का वागलात?’ हे वाक्य येत नसे. ते मनातच राही. आणि मनात राहिलेली गोष्ट नाहीशी होत नाही. कोणी ती धाकट्या भावावर काढतो, कोणी बायकोवर, कोणी स्वतःवर. आणि पुष्कळदा, फार वर्षांनी, ती स्वतःच्या मुलावर निघते. म्हणून हा विषय केवळ रुसलेल्या मुलांचा नव्हे; तो पिढ्यांचा आहे.

नवल हे की, जो विषय घरात काढावयाचा नाही, तो आपल्या सर्वांत जुन्या वाङ्मयाने मुळीच झाकून ठेवलेला नाही. ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेत शुनःशेपाचे आख्यान आहे. इक्ष्वाकुवंशातील हरिश्चंद्र राजाला शंभर राण्या होत्या. परंतु मुलगा नव्हता. पुत्र कशासाठी हवा, असे त्याने नारदाला विचारले, तेव्हा नारदाने पुत्राची थोरवी दहा गाथांत गाइली आणि त्याला वरुणाकडे जाण्यास सांगितले. राजाने वरुणाला नवस केला, तो विलक्षण होता: मला मुलगा दे, म्हणजे त्याच्याच बलीने मी तुझे यजन करीन. मुलगा झाला, त्याचे नाव रोहित. वरुण आपले देणे मागावयास आला. राजा म्हणाला, दहा दिवस होऊ देत. मग म्हणाला, दात येऊ देत. मग, दात पडू देत; मग, पुन्हा येऊ देत; मग, क्षत्रियाचा मुलगा आहे, शस्त्र धरण्याजोगा होऊ दे. बापाचे प्रेम आणि बापाचे भय ह्या टाळाटाळीत एकाच वेळी दिसते. परंतु मुलाला ह्यातले काही ठाऊक नव्हते. तो हत्यार पेलण्याजोगा झाला, तेव्हा हरिश्चंद्राने त्याला बोलावून सांगितले की, ज्याने तुला दिले त्यालाच तुझा बळी द्यावयाचा आहे. रोहिताने ‘नाही’ एवढेच म्हटले, धनुष्य उचलले आणि रानाची वाट धरली.

बापाला उदराचा रोग झाला. पोट फुगले. हे ऐकून रोहित पुनःपुन्हा घराकडे वळे आणि पुनःपुन्हा इंद्र ब्राह्मणाच्या रूपाने आडवा येऊन त्याला परत फिरण्यास सांगे. अशी वर्षे गेली. सहाव्या वर्षी रानात त्याला अजीगर्त नावाचा भुकेने गांजलेला ब्राह्मण भेटला. त्याला तीन मुलगे होते: शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. रोहिताने शंभर गाई देऊ केल्या आणि आपल्याऐवजी बळी देण्यास एक मुलगा मागितला. बापाने थोरल्याला जवळ ओढले, आईने धाकट्याला. मधला उरला. तो विकला गेला.

आख्यान येथेच थांबले असते, तर भुकेपोटी घडलेला अपराध म्हणून त्याला थोडी तरी क्षमा मिळाली असती. परंतु पुढचा भाग अधिक भयंकर आहे. यज्ञमंडपात मुलाला यूपाला बांधावयास कोणी पुढे होईना. अजीगर्त म्हणाला, आणखी शंभर द्या, मी बांधतो. त्याने बांधले. मग कापावयास कोणी तयार होईना. अजीगर्त म्हणाला, आणखी शंभर द्या, मी कापतो. आणि तो सुरीला धार लावीत आला. पहिले शंभर भुकेचे होते असे म्हणता येईल. दुसरे आणि तिसरे शंभर कशाचे होते?

आपल्याला माणूस म्हणून नव्हे, तर पशूसारखे मारणार, हे शुनःशेपाच्या ध्यानी आले आणि तो एकेका देवतेचा धावा करू लागला. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील काही सूक्ते त्याच्याच नावावर आहेत. शेवटी उषेच्या स्तवनाबरोबर एकेक पाश गळत गेला आणि तिकडे राजाचे पोट उतरत गेले. मुलगा सुटला, तसा तो यज्ञाचा होता जो विश्वामित्र, त्याच्या मांडीवर जाऊन बसला. मग अजीगर्त मुलगा परत मागू लागला. विश्वामित्राने नाकारले, तेव्हा तो मुलाकडेच वळला: तू जन्माने आंगिरस आहेस, वाडवडिलांचा वंश सोडू नकोस, माझ्याकडे ये. शुनःशेपाने दिलेल्या उत्तराचा आशय असा: तुझ्या हातात सुरी होती, ती सर्वांनी पाहिली, तीनशे गाई तुला माझ्याहून मोठ्या वाटल्या. अजीगर्त म्हणाला, केल्या कर्माचा मला ताप होतो आहे. त्या गाई तुझ्याच होवोत. मुलगा म्हणाला, ज्याने एकदा केले तो पुन्हाही करील. तू केलेस ते असंधेय आहे. असंधेय, म्हणजे ज्याला सांधा घालता येत नाही ते. जवळ बसलेल्या विश्वामित्राने त्याच शब्दाला दुजोरा दिला आणि मुलाला देवरात, म्हणजे देवांनी दिलेला, असे नाव देऊन आपला ज्येष्ठ पुत्र मानले.

पितृभक्तीच्या कथांवर वाढलेल्या मनाला हे उत्तर दचकविणारे आहे. त्यात शिवी नाही, सूड नाही, आकांतही नाही. जे घडले ते घडले असे स्पष्ट म्हटले आहे आणि सांधा नाकारला आहे. श्रुतीने त्याबद्दल मुलाला दोष दिलेला नाही. काही अपराध असे असतात की, ते केवळ बापाने केले म्हणून लहान होत नाहीत, ही कबुली त्यात आहे. पश्चात्तापाची भाषा करतानाही अजीगर्ताने पुढे काय केले, तर गाई केल्या. मुलाला देण्यासारखे आपल्यापाशी दुसरे काही असू शकेल, हे त्याला सुचले नाही.

परंतु ह्या आख्यानात दुखावलेला मुलगा एकच नाही. नीट पाहिले तर तिघांचे दुःख त्यात आहे. पहिला रोहित. तो बापाच्या वचनातून निसटला हे योग्यच झाले. परंतु आपली सुटका त्याने दुसऱ्याच्या मुलाचे मोल देऊन विकत घेतली. स्वतःवर आलेला घाव त्याने चुकविला नाही, पुढे ढकलला. दुसरा शुनःशेप. आणि तिसरे, ज्यांच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ते विश्वामित्राचे मुलगे. त्याला एकशे एक मुलगे होते. परका मुलगा ज्येष्ठ म्हणून घरात आला, तेव्हा मधुच्छंदाने आणि त्याच्या धाकट्या पन्नासांनी त्याला मान दिला. परंतु थोरल्या पन्नासांना ते रुचले नाही. विश्वामित्राने त्यांना शाप देऊन दूर सीमेवर लोटले. एका मुलाचा त्राता तोच पन्नास मुलांचा अन्यायकर्ता झाला. जगाला आधार देणाऱ्या पुष्कळ थोर पुरुषांच्या घरांत हे घडलेले आहे.

कठोपनिषदातील नचिकेताची कथा ह्याच्या अगदी समोरची. वाजश्रवसाने सर्वस्वाचे दान मांडले आणि प्रत्यक्षात दिल्या त्या दूध आटलेल्या, पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या म्हाताऱ्या गाई. बाप खोटे दान देत आहे हे कुमार नचिकेताला दिसले. प्रत्येक मुलाच्या आयुष्यात कधीतरी येणारा हा क्षण आहे: बाप जे बोलतो आणि बाप जे करतो त्यांत अंतर आहे, हे प्रथम उमगण्याचा. नचिकेताने विचारले, मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा विचारले. बाप संतापून म्हणाला, तुला मृत्यूला दिले. रागाच्या भरात घरोघर असे शब्द उच्चारले जातात. बोलणारा ते जेवणापूर्वी विसरतो, ऐकणारा जन्मभर विसरत नाही. नचिकेत शब्द खरा मानून यमाच्या दारी गेला. तेथे यम नव्हता. तीन रात्री तो उपाशी बसला. यमाने त्याबद्दल तीन वर दिले. मृत्यूचे रहस्य त्याने तिसऱ्या वराने विचारले, हे सर्वांना ठाऊक असते. पहिल्या वराने काय मागितले, हे पुष्कळांच्या स्मरणात नसते. त्याने मागितले ते हे की, माझ्या पित्याचे मन शांत व्हावे, त्याचा माझ्यावरचा राग जावा, आणि मी परत जाईन तेव्हा त्याने मला ओळखून माझ्याशी बोलावे.

ह्यात क्षमेचा थाट नाही. मी त्याला क्षमा केली असे नचिकेत म्हणत नाही. त्याला हवे आहे ते एवढेच की, बापाने आपल्याला ओळखावे. आणि हे मागणे त्याला तीन उपाशी रात्रींनंतर सुचले आहे, आधी नव्हे. दुखावलेल्या मुलाला घरातील वडीलधारी माणसे त्याच संध्याकाळी ‘जाऊ दे, वडीलच आहेत’ असे सांगतात, तेव्हा ती ह्या तीन रात्री त्याच्याकडून हिरावून घेत असतात.

एक मुलगा सांधा नाकारतो, दुसरा सांधा मागतो. दोघेही आपापल्या ठिकाणी खरे आहेत. कारण एकाच्या बापाने शांत डोक्याने भाव ठरविला होता, दुसऱ्याच्या बापाच्या तोंडून शब्द निसटला होता. प्रत्यक्ष आयुष्यात ही दोन टोके क्वचितच इतकी स्वच्छ सापडतात. बहुतेक बाप ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असतात. अलीकडच्या काळातील तीन मुलांच्या हकीकती ह्या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत. कारण तिघांनीही आपले गाऱ्हाणे कागदावर उतरविले.

पहिला हरिलाल गांधी. त्याचा जन्म १८८८ सालचा. त्याच वर्षी वडील बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेले. दक्षिण आफ्रिकेत तो वडिलांच्या सत्याग्रहात उतरला, अनेकदा तुरुंगात गेला आणि लोक कौतुकाने त्याला ‘छोटे गांधी’ म्हणू लागले. त्याला शिकावयाचे होते. डॉक्टर प्राणजीवन मेहता ह्यांनी विलायतेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊ केली, तेव्हा ती वडिलांनी मुलाला न देता प्रथम छगनलाल ह्या पुतण्याला आणि पुढे सोराबजी शापुरजी ह्या तरुण पारशी सत्याग्रह्याला दिली. वडिलांच्या बाजूने पाहता हे न्यायाचेच होते: सार्वजनिक कार्याशी जोडलेली मदत स्वतःच्या मुलाकडे वळविणे हा पक्षपात ठरला असता, आणि त्या शिक्षणावरच वडिलांचा विश्वास उरला नव्हता. परंतु ज्या शिक्षणाच्या बळावर वडील उभे राहिले, तेच त्यांनी मुलांना नाकारले, हा सल मुलाच्या मनात राहिला. १९११ साली त्याने घर सोडले, डेलागोआ उपसागराच्या बंदरापर्यंत गेला, परत आणला गेला, वडिलांशी मन मोकळे करून बोलला आणि हिंदुस्थानात निघून आला. १९१५ साली त्याने आपले गाऱ्हाणे पत्ररूपाने छापून काढले. १९१८ च्या इन्फ्लुएंझात त्याची पत्नी गेली. पुढे व्यापारातील बूड, कर्ज, मद्यपान. १९२५ साली त्याच्या व्यापारी व्यवहारांशी आपला संबंध नाही, असे वडिलांना ‘यंग इंडिया’त जाहीर करावे लागले. १९३६ च्या मे महिन्यात त्याने धर्मांतर केले आणि त्याच वर्षअखेरीस तो पुन्हा हिंदू झाला. १९४४ च्या फेब्रुवारीत, पुण्याच्या आगाखान राजवाड्यात कस्तुरबा अखेरच्या दुखण्यात असता, तो आईला भेटावयास आला. वडील गेले ३० जानेवारी १९४८ रोजी; त्यानंतर पाच महिने पुरे होण्यापूर्वीच, जूनमध्ये, मुंबईस त्याचाही अंत झाला.

महात्माजींच्या आत्मचरित्रात एक गोष्ट आहे. लहानपणी त्यांच्या मनावर दोन नाटकांचा खोल ठसा उमटला: एक श्रावणाच्या पितृभक्तीचे, दुसरे सत्यवादी हरिश्चंद्राचे. एकात मुलगा आईबापांना कावडीत घालून वाहतो. दुसऱ्यात राजा सत्यासाठी बायकोमुलाला विकतो. दोन्ही कथांत किंमत मुलाने द्यावयाची असते, आणि दोन्ही कथांत मुलाला काय वाटले हे कोणी विचारीत नाही. त्या कथांना सर्वस्व मानणाऱ्या पित्याने जगाला सत्य दिले; घरच्या रोहिताने मात्र धनुष्य उचलले. पित्याला हे दिसले नाही असेही नाही. मुलांना आपल्याविरुद्ध तक्रारीस काही जागा आहे, हे त्यांनी आत्मचरित्रात मान्य केले आहे. परंतु ती कबुली छापील पानावर, साऱ्या वाचकांसमोर होती. आणि मुलाचे गाऱ्हाणेही छापीलच होते. बापलेकांनी एकमेकांशी बोलावयाचे ते जगाच्या साक्षीने बोलले. दिनकर जोशी ह्यांच्या गुजराती कादंबरीवरून अजित दळवी ह्यांनी ‘गांधी विरुद्ध गांधी’ हे मराठी नाटक लिहिले. ते पाहताना दोघांपैकी एकालाही गुन्हेगार ठरविता येत नाही, आणि त्यातच त्या कथेचे दुःख आहे. हरिलालची हानी वडिलांच्या निर्णयाने झाली त्यापेक्षा अधिक ह्याने झाली की, उरलेले सारे आयुष्य त्याने त्या निर्णयाला उत्तर देण्यात घालविले. वडिलांना जे जे अप्रिय, ते ते करणे हीदेखील एक प्रकारची आज्ञाधारकताच आहे. दिशा उलटी, दोरी तीच.

दुसरा मुलगा प्रागचा फ्रान्झ काफ्का. बाप हेर्मान्‌, खाटकाचा मुलगा, कष्टाने वर आलेला, धिप्पाड, कर्कश्श आवाजाचा व्यापारी. मुलगा कृश, कायद्याचा पदवीधर, विमा कचेरीत नोकरीस, आणि रात्री लिहिणारा. १९१९ साली मुलाने लग्न ठरविले, तेव्हा बापाने त्याचा असा पाणउतारा केला की, तो त्याच्या मनातून गेला नाही. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्याने बापाला शंभराहून अधिक हस्तलिखित पानांचे पत्र लिहिले. त्यात एक आठवण आहे. अगदी लहान असता एका रात्री तो पाण्यासाठी रडत राहिला. बापाने उचलून त्याला अंगातल्या सदऱ्यानिशी बाहेरच्या सज्जात उभे केले आणि दार लावून घेतले. एवढीच गोष्ट. बाप कदाचित सकाळी ती विसरलाही असेल. मुलाला मात्र अनेक वर्षे असे वाटत राहिले की, तो प्रचंड पुरुष कोणत्याही रात्री, कारणावाचूनही, येऊन आपल्याला बाहेर ठेवू शकतो. म्हणजे त्याच्या लेखी आपण काहीच नाही. त्याच पत्रात जेवणाच्या टेबलाचे वर्णन आहे: मुलांनी हाडे फोडावयाची नाहीत, खाली काही सांडावयाचे नाही, आणि सर्वांत अधिक सांडलेले असे ते बापाच्या पायांपाशी. मुलांना कडक नियमांचा राग येत नाही. नियम करणारा स्वतः त्यातून मोकळा आहे, हे त्यांना सलते.

तरीही हे पत्र केवळ आरोपपत्र नाही. आपण आजारी असता बाप हळूच दाराशी आला, उंबऱ्यावरच थांबला, मान पुढे करून डोकावला आणि झोपमोड होऊ नये म्हणून नुसता हात हलवून परतला, हेही त्यात लिहिले आहे. आणि त्या आठवणीने आपल्याला रडू आले, हेही. शेवटी शेवटी तर मुलाने बापाला बोलावयास लावून त्याची बाजू स्वतःच मांडली आहे. पत्र आईच्या हाती दिले गेले. परंतु ते बापापर्यंत पोहोचले नाही. काफ्का १९२४ साली वारला. पत्र संपूर्ण छापले गेले ते १९५२ साली. त्याआधी मुलाने आपला एक कथासंग्रह वडिलांना अर्पण केला होता. नवे पुस्तक हाती दिले की बाप म्हणे, पलंगाजवळच्या मेजावर ठेव. हरिलालचे पत्र साऱ्या जगाला पोहोचले आणि काफ्काचे कोणालाच नाही; दोन्ही पत्रांचा पत्ता तेवढा चुकला.

तिसरा एडमंड गॉस, इंग्रज टीकाकार. त्याचा बाप फिलिप हेन्री गॉस हा समुद्रजीवांचा मोठा अभ्यासक आणि त्याहून मोठा धर्मनिष्ठ. एकुलता एक मुलगा जन्मला, तेव्हाच आईबापांनी त्याला देवाला वाहून टाकले. हरिश्चंद्राचा नवस सातासमुद्रांपलीकडेही घडतो तो असा. आई १८५७ साली गेली आणि मुलगा बापाच्या श्रद्धेपुढे एकटा उरला. तो सहा वर्षांचा असेल नसेल, तेव्हा बागेतील कारंज्याच्या नळीला त्याने खोड्याखोड्यांत भोक पाडले. काही दिवसांनी कारंजे बिघडले, तेव्हा बापाने दोष कारागिरांना दिला. मुलगा गप्प बसला. परंतु त्या क्षणी त्याला दोन गोष्टी कळल्या: आपला बाप सर्वज्ञ नाही, आणि ज्याला आपले गुपित ठाऊक आहे असा एक सोबती आपल्याच आत आहे. पुढे तरुणपणी बापाच्या पत्रांतून श्रद्धेची उलटतपासणी चालू राहिली आणि मुलगा शेवटी वेगळा झाला.

बाप १८८८ साली वारला. १८९० साली मुलाने त्याचे चरित्र लिहिले, शास्त्रज्ञाला साजेल असे, आदराचे. आणि मग सतरा वर्षांनी, १९०७ साली, ‘फादर अँड सन’ हे पुस्तक प्रथम निनावी प्रसिद्ध केले. त्यात बापाचा करडेपणा आहे, त्याने मुलाच्या आत्म्यावर सांगितलेला हक्क आहे. परंतु समुद्रकाठच्या खडकांतल्या डबक्यांत बापाबरोबर वाकून पाहिलेले जीवही आहेत, आणि बापाच्या प्रेमाविषयी कोठेही संशय नाही. पहिल्या पुस्तकात मुलाने बापाला त्याच्या योग्यतेप्रमाणे मान दिला, दुसऱ्यात स्वतःला. एका पुस्तकात दोन्ही झाले नसते.

ह्या साऱ्या हकीकतींतून एक ठराविक उपाय निघत नाही. निघाला असता तर तो खोटा असता. तथापि काही गोष्टी दिसतात. एक, जे घडले त्याला त्याच्या नावाने ओळखणे हा पितृद्रोह नव्हे. सुरीला सुरी म्हणण्याने शुनःशेप लहान झाला नाही. दुसरी, कृत्य आणि मनुष्य ह्यांचा हिशेब वेगवेगळ्या पानांवर मांडावा लागतो. सज्जाची रात्र उंबऱ्यावरच्या हात हलविण्याने पुसली जात नाही. आणि हात हलविणे सज्जाच्या रात्रीमुळे खोटे ठरत नाही. ज्या मुलाला दोन्ही एकदम आठवता येतात, त्याचे मन मोकळे होऊ लागते. तिसरी, बापाला देव समजणारा मुलगाच त्याला राक्षस समजू लागतो. त्याला मनुष्य समजणे त्याहून अवघड. मनुष्य म्हणजे भूक, भय, अभिमान आणि स्वतःच्या बापाकडून मिळालेले न मिळालेले, ह्या सर्वांसह. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची, रोहिताची चूक. आपल्या वाट्याला आलेले दुःख दुसऱ्याच्या मुलावर, किंवा उद्या आपल्याच मुलावर, ढकलून मिळणारी सुटका ही सुटका नव्हे.

बापांसाठीही ह्यात काही आहे. मुलगा जे मागतो ते बहुधा गाईंसारखे नसते. शिक्षण दिले, घर बांधून दिले, लग्न करून दिले, आणखी काय हवे, असा प्रश्न घरोघरी विचारला जातो, आणि त्याला उत्तर मिळत नाही. कारण जे हवे असते ते एक वाक्य असते, आणि ते बापाच्याच तोंडून यावे लागते: त्या वेळी माझे चुकले. हे वाक्य जगापुढे नव्हे, ओसरीवर, दोघेच असताना म्हणावयाचे असते. त्याने सांधा जुळेलच असे नाही. परंतु नचिकेताने यमाकडे मागितले तेवढे, म्हणजे बापाने आपल्याला ओळखले एवढे, मुलाच्या पदरी पडते.

शुनःशेपाच्या आख्यानाच्या शेवटी ब्राह्मणकारांनी ते कोणी आणि कसे ऐकावे हे सांगून ठेवले आहे. राजसूय यज्ञात अभिषेक झालेल्या राजाला होत्याने सोन्याच्या आसनावर बसून ते ऐकवावे आणि सांगणाऱ्याला राजाने हजार गाई द्याव्यात. ज्याच्या हाती नुकतीच सत्ता आली, त्याने प्रथम ऐकावयाचे ते मुलाला विकणाऱ्या बापाचे आख्यान. त्यापुढे आणखी एक वाक्य आहे. ज्यांना पुत्र हवे असतील त्यांनीही हे आख्यान सांगवून ऐकावे; त्यांना पुत्र होतात. पुत्र मागणाऱ्यांना सांगावयाची कथा म्हणून पूर्वजांनी श्रावणाची कावड निवडली नाही. त्यांनी अजीगर्ताची सुरी निवडली.